या महिन्याचा पाठ : दुपारचं आपलं ताट



मागच्या अंकात आपण अंतर्गत कर्जाचं व्याज कसं काढायचं ते शिकलो. या वेळचा पाठ जेवणाचा आहे. "जेवणाचं तू आम्हाला काय शिकवणार पोरी?" असं कुणीतरी म्हणणारच, आणि बरोबरच आहे. माझी भाकरी तव्यावर टाकताना अजून तुटते, हे तुमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत आहे. म्हणून स्वयंपाक हा आपला विषय नाहीच. दुपारी आपण स्वतः काय खातो, किती वाजता खातो, कुठं बसून खातो आणि त्याचा खर्च कुणाच्या हिशोबात धरलेला असतो, एवढंच आज बघायचं आहे. वहीचं एक कोरं पान जवळ ठेवा, शेवटी लागेल.

हा विषय मला पुण्यात सुचला. सुचला म्हणण्यापेक्षा लाज वाटली म्हणून डोक्यात बसला. गेल्या हिवाळ्यात पुणे शहरातल्या एका प्रदर्शनात आपल्या सहा जणींनी जेवणाचा स्टॉल लावला होता. पिठलं, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, कांदा. पहाटे पाचला गावातून टेम्पो निघाला. दुपारी एक ते तीन अशी रांग लागली की मान वर करायला सवड नव्हती. ऑफिसातली माणसं, कॉलेजची पोरं, घरून खास जेवायला आलेले आजी-आजोबा. "गरम भाकरी द्या हो मावशी" चाललं होतं. दीडशेच्या आसपास ताटं गेली. साडेचारला आम्ही स्टॉलमागं पैसे मोजायला बसलो आणि एका ताईंच्या हातातल्या नोटा थरथरायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. त्यांना आडवं केलं, पाणी दिलं, शेजारच्या स्टॉलवरून लिंबाचं सरबत आणलं.

"सकाळी काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि दुपारी?"

"चहाच की."

बाकीच्या पाच जणींना विचारलं. एकीनं मोडलेल्या भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून खाल्ला होता. दोघींनी चहाबरोबर बिस्किट. बाकी दोघी नुसत्या हसल्या. सहा जणींसाठी म्हणून पातेल्याच्या तळाशी पिठलं राखून ठेवलं होतं, तेही शेवटी आलेल्या दोन गिऱ्हाइकांना वाढून टाकलं. का? तर "भुकेलं माणूस दारातून परत कसं पाठवायचं?"

आता माझी चूक सांगते. त्या स्टॉलचं अंदाजपत्रक मी केलं होतं. पीठ, बेसन, वांगी, तेल, गॅस, पत्रावळ्या, टेम्पो, स्टॉलचं भाडं, सगळ्या ओळी होत्या. सहा बायकांच्या जेवणाची ओळ नव्हती. मी समाजकार्याची पदवी घेतली आहे, आहार आणि आरोग्य या विषयाचा पेपर दिला आहे, चांगले मार्कही पडलेत. आणि त्या दिवशी दीड वाजता याच ताईंनी "तू आधी जेव गं, वाळलीस" म्हणून मला बसवून वाढलं होतं. दीडशेतलं एक ताट माझं होतं.

त्यानंतर पुण्यात फिरताना मी एकच गोष्ट बघायला लागले. दुपारी या शहरात कोण, कुठं, कसं जेवतं?

पुण्याच्या दुपारबद्दल एक गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. पेठांमधली जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद. मालक घरी जाणार, जेवणार, थोडं आडवं होणार, मग दुकान उघडणार. चितळे बंधूंच्या दुकानाची ही दुपारची सुट्टी तर एवढी गाजली की तिच्यावर किती विनोद झाले त्याला गणती नाही. हल्ली ते दुकानही दुपारी उघडं असतं. पण पाट्या अजून कुठं कुठं दिसतात. मीही या पाट्यांना हसायचे. आता त्या पाटीत मला एक शहाणपण दिसतं. जेवायची वेळ झाली की गल्ला बंद. गिऱ्हाईक चारला येईल, नाही आलं तर नाही. स्वतःच्या जेवणाला एवढा मान देणारा माणूस मला तरी आवडतो.

फक्त एक प्रश्न राहतो. मालक सव्वाला घरी पोचल्यावर त्यांना गरम पोळी कोण वाढत होतं? आणि त्या बाईचं शटर कधी खाली येत होतं? दुकानाला पाटी होती, स्वयंपाकघराला नव्हती.

याच शहरात दुसरी दुपार आहे. भुसार बाजारात पाठीवर पोती वाहणारे हमाल, हातगाडीवाले, बिगारी, बांधकामावरचे मजूर. यातली पुष्कळ माणसं आपल्यासारख्याच गावांतून आलेली, बायकापोरं गावाकडं. त्यांना एक ते चार घरी जायची सोय नाही, कारण घरी जेवण करून ठेवणारं कुणी नाही. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत बांधली, आणि त्या संघटनेनं १९७० च्या दशकात 'कष्टाची भाकर' नावाचं केंद्र सुरू केलं. ना नफा ना तोटा या तत्त्वावर, स्वस्तात, पोटभर. झुणका-भाकर तिथलं मुख्य जेवण. पुढं शहरात अशी अनेक केंद्रं झाली. तिथं भाकऱ्या थापणाऱ्या बायका पगारावर काम करतात, हे आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं. स्वस्त जेवण द्यायचं म्हणून थापणारीची मजुरी खाल्ली, असं तिथं नाही. नफा काढला नाही तरी कष्टाची किंमत धरली.

इथं थोडं हिशोबाकडं वळूया, कारण 'स्वस्त जेवण' या शब्दानं आपली फसगत होते. २६ जानेवारी २०२० ला राज्यात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत, दुपारी बारा ते दोन. काही ठिकाणी महिला बचत गटांनीही ही केंद्रं चालवली. थाळी दहा रुपयांची म्हणून आपण ओळखायचो, पण सुरू झाली तेव्हा शहरात एका थाळीमागं पन्नास रुपये धरले होते. दहा गिऱ्हाइकाचे, चाळीस सरकारचे. खेड्यात पस्तीस धरले होते, त्यातले पंचवीस सरकारचे. म्हणजे जेवण दहा रुपयांत होतच नव्हतं. उरलेले पैसे दुसरं कुणीतरी भरत होतं आणि ते कागदावर लिहिलेलं होतं. आता आपल्या स्टॉलकडं बघा. आपण सहा जणींची मजुरी धरली नाही, जेवण धरलं नाही, आणि "ताट स्वस्तात पडतं" म्हणालो. स्वस्त कशानं झालं? जे चाळीस रुपये तिथं सरकार भरत होतं, ते इथं आपण उपाशी राहून भरत होतो. आणि हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मुंबईची एक गोष्ट यापुढची आहे, ती गटातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे. त्यांच्या जेवणाची सोय शेजारपाजारच्या बाया करायच्या. घरातच खानावळ. महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण. कामगार पगार झाला की पैसे देणार, तोवर वाण्याकडून उधारी आणि सावकाराकडून व्याजानं पैसे. गिरणीत संप झाला की कामगाराचा पगार बंद, पण या बायांची चूल बंद नाही. त्या उधारीवर जेवू घालत राहायच्या. कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांच्या हे ध्यानात आलं. संप कामगारांचा म्हणून मोजला जायचा, पण तो ज्यांच्या भाकरीवर टिकायचा त्या बायांचं नाव कुठंच नसायचं. १९७५ मध्ये त्यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं. पहिल्यांदा चौदा खानावळवाल्या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं, एकमेकींच्या जामिनावर. सावकार सुटला. आपण आज गटात बसून करतो ते यांनी तेव्हा केलं होतं, आणि सुरुवात झाली ती दुपार-रात्रीच्या ताटापासून.

खानावळ म्हटलं की मला माझी पुण्यातली मेस आठवते. शिकायला आले तेव्हा पेठेत एका जुन्या वाड्यात खोली घेतली होती. आजूबाजूला सगळी स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी, आणि प्रत्येक दुसऱ्या जिन्यावर 'घरगुती डबे मिळतील' ची पाटी. माझा डबा एक काकू द्यायच्या. साडेबाराला डबा दारात म्हणजे दारात. एकदा उशिरा, साडेतीनच्या सुमाराला मी डबा परत द्यायला गेले, तर काकू ओट्यापाशी उभ्यानं जेवत होत्या. वाटीत आमटी, हातात पोळी. "बसा ना काकू" म्हटलं तर म्हणाल्या, "बसले की उठवत नाही बाई." तेव्हा मला ते साधं वाटलं. आता वाटतं, आपल्यातल्या किती जणी हेच वाक्य म्हणत असतील!

सरकारनं २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली होती. कोण कशात किती वेळ घालवतं. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ९७. पाच तास म्हणा ना. त्या पाच तासांत सगळ्यांची ताटं वाढून होतात. आपलं ताट मात्र ती मिनिटं संपल्यावर येतं, म्हणजे येतं तेव्हा येतं.

आता उलट बाजूचं ताट बघू. आपल्या गावातल्या शाळेतली खिचडी. मी स्वतः ती खाऊन मोठी झाले, म्हणून तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. महाराष्ट्रात १९९५ च्या सुमाराला योजना आली तेव्हा शिजवलेलं जेवण नव्हतं, हजेरी भरली की पोराला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. तुमच्यातल्या काहींनी तो तांदूळ निवडला असेल. तो पोराच्या पोटात किती जायचा आणि घरात किती वाटला जायचा, हे तुम्हीच जाणता. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की पोरांना शाळेतच शिजवलेलं जेवण द्या. त्यानंतर खिचडी आली. आज पहिली ते पाचवीच्या पोराच्या ताटाचा हिशोब कागदावर आहे : तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. सहावी ते आठवीला १५०, ३०, ७५ आणि साडेसात. किती उष्मांक, किती प्रथिनं तेही लिहिलंय. पोरांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं चव घेऊन बघायची, असाही नियम आहे. प्रत्यक्षात कुठं भाजी पाण्यातच शोधावी लागते, ते वेगळं. पण भांडायला कागद आहे. पालकसभेत उभं राहून "वीस ग्रॅम डाळ कुठाय?" असं विचारता येतं.

आणि ती खिचडी शिजवणारी? अनेक गावांत आपल्याच गटातली ताई. तिचं दुपारचं जेवण किती ग्रॅमचं, किती वाजता?

शरीराचं थोडं बोलू. डॉक्टरी मी करत नाही, फक्त पक्क्या ठाऊक असलेल्या गोष्टी सांगते.

बाईच्या अंगाला पुरुषापेक्षा लोह जास्त लागतं. पाळीमुळं, बाळंतपणांमुळं. देशातल्या पोषण संस्थेनं घालून दिलेला आकडा असा : मोठ्या माणसाला, पुरुषाला, दिवसाला १९ मिलिग्रॅम, बाईला २९. म्हणजे पालेभाजी, उसळ, बाजरीची भाकरी यातला मोठा वाटा खरंतर आपल्या ताटात पडायला हवा. घरात होतं उलटं. उसळ आधी पुरुषांना, मग पोरांना, आपल्या वाटीत रस्सा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागं ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. गटात दहा जणी बसलो असू तर पाच जणी. स्टॉलवर ज्या ताईंना अंधारी आली, त्यांचं हिमोग्लोबिन आम्ही नंतर तपासून घेतलं. ते बारा असायला हवं होतं, आठ निघालं. त्या दिवशीच्या एका उपाशी दुपारीनं ते आठवर आलेलं नाही. कित्येक वर्षांच्या दुपारी त्यात आहेत. आता त्यांच्या गोळ्या चालू आहेत. नुसत्या खाण्यानं एवढी घसरण भरून येत नाही, म्हणून चक्कर, दम, पायात गोळे असं काही असेल तर उपकेंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. गुळाच्या खड्यावर भिस्त ठेवू नका.

चहाचं मात्र आपल्या हातात आहे. जेवणाला जोडून चहा घेतला की जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा. जेवणात लिंबू पिळलं, आवळा, कच्चा टोमॅटो काही आंबट घेतलं, तर तेच लोह जास्त लागतं. मटकी मोड आणून, मेथी, शेवग्याचा पाला, अळीव, तीळ, हे सगळं आपल्याकडं आहेच, परसबागेतही आहे. भुकेच्या जागी चहा पिणं ही तर आपली जुनी खोड. चहानं भूक मरते, पोट भरत नाही. आणि ज्यांना साखरेची गोळी चालू आहे त्यांनी गोळी घेऊन दुपार उपाशी काढायची नाही. साखर एकदम उतरली तर जिवावर बेतू शकतं. उपासाच्या दिवशीही निव्वळ साबुदाण्यावर न राहता दही, शेंगदाणे, राजगिरा, एखादं फळ घ्या. कुणाच्या श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, ताटाबद्दलच म्हणते आहे.

एक गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही, म्हणून लिहून टाकते. पुण्याच्या रस्त्यांवर भाजी विकायला आपल्या भागातल्या कितीतरी जणी पहाटेच्या गाडीनं जातात. मी दोन-तीन दिवस त्यांच्याशेजारी बसले. डबा असतो, भाकरी आणि चटणी असते, पण तो डबा बऱ्याचदा संध्याकाळी तसाच घरी जातो. विचारलं तर आधी "भूकच नसते" म्हणतात. थोड्या वेळानं खरं कारण येतं. जेवलं की पाणी लागतं, पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, जवळ जायला जागा नाही, आणि असली तर पाटी कुणाच्या भरवशावर सोडायची? म्हणून पाणी नाही, म्हणून जेवण नाही. शहरातल्या बाईच्या दुपारच्या जेवणाचा धागा असा मुतारीपर्यंत जातो. (संपादक ताईंनी हा शब्द ठेवायला परवानगी दिली, त्यांचे आभार.) यावर मला सापडलेला उपाय छोटा आहे : दोघी-दोघींनी शेजारी बसायचं, एकीनं दोन्ही पाट्या सांभाळायच्या. काही जणी हे आधीपासूनच करतात. बाकीचा उपाय महापालिकेकडं मागायचा आहे, आणि तो एकेकटीनं मागून मिळत नाही.

"हे सगळं खरं, पण घरी कसं करायचं?" हा प्रश्न तीन गटांत आला. सासूबाई जेवायच्या आहेत, मालक शेतावरून यायचे आहेत, आधी जेवले तर काय म्हणतील? मी लग्न झालेली नाही, त्यामुळं मला उपदेश करायचा हक्क कमी. म्हणून एका ताईंनीच काढलेली युक्ती सांगते. सकाळी त्या पोराचा आणि मालकांचा डबा भरतात, तेव्हाच तिसरा डबा स्वतःचा भरतात. घरी असल्या तरी. दोन भाकरी, भाजी, उसळ, कांदा, लिंबाची फोड, झाकण घट्ट. त्या म्हणतात, "पातेल्यातलं उरलं-सुरलं हे माझं नसतं, डब्यातलं माझं असतं. डबा दुसरं कुणी उघडत नाही." पाहुणा आला, भाकरी कमी पडली, तरी डब्याला हात लागत नाही. आधी जेवल्या की नंतर, हा वादच उरला नाही. उन्हाळ्यात एक लक्षात ठेवा, सकाळी भरलेला भात दुपारपर्यंत आंबतो. डब्यात भाकरी आणि सुकी भाजीच बरी.

आता वहीचं पान घ्या. सात आडव्या ओळी, सात दिवसांच्या. चार उभे रकाने : किती वाजता जेवले, बसून की उभ्यानं, ताटात काय काय होतं, माझ्या आधी कोण कोण जेवलं. लिहिता येत नसेल तर घड्याळाचे काटे काढा, पाट काढा, पोराला विचारून भरा. चांगलं दिसावं म्हणून भरू नका. चहा म्हणजे जेवण धरायचं नाही.

एका गटात आम्ही हे पान आधी करून बघितलं. एका ताईंच्या दुसऱ्या रकान्यात सातही दिवस 'उभ्यानं' होतं. त्यांनाच ते वाचून धक्का बसला, कारण आपण उभ्यानं जेवतो हे त्यांना कधी जाणवलंच नव्हतं. दुसरीच्या घरी सासूबाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "माझं पण लिही." तर सुनेचं अडीच आणि सासूचं पावणेतीन! दोघीही एकमेकींसाठी थांबायच्या. सासूला वाटायचं सून जेवली की बसू, सुनेला वाटायचं त्यांच्या आधी कसं बसायचं. आता एकला दोघी एकत्र बसतात. त्या घरात पुरुषांपैकी कुणी काही म्हणालं का, असं मी विचारलं. सूनबाई म्हणाल्या, "त्यांच्या ध्यानातच आलं नाही अजून."

गटानं मिळून करायचा दुसरा हिशोब हा. समजा, शंभर ताटांची ऑर्डर आहे. पीठ, बेसन, भाजी, तेल, गॅस, पत्रावळ्या, टेम्पो मिळून खर्च ६००० रुपये. म्हणजे ताटाला ६०. काम करणाऱ्या सहा जणी. सहा ताटं वाढवली तर खर्च ३६० नं वाढतो. सकाळचा चहा-नाष्टा प्रत्येकी ३० धरला तर आणखी १८०. एकूण ५४०. तो शंभर ताटांवर वाटला तर ताटामागं ५ रुपये ४० पैसे. ताट आपण १२० ला विकत असू, तर गिऱ्हाइकाला सव्वाशे सांगा. सव्वाशेची बाजरीची भाकरी-पिठलं पुण्यात कुणी नाकारत नाही, मी रांग बघितली आहे. सहा जणींना दिवसभर उपाशी ठेवून आपण वाचवत होतो ते हे पाच रुपये चाळीस पैसे. मजुरी यात अजून धरलेलीच नाही. तो हिशोब मोठा आहे, पुढच्या अंकात घेऊ.

दशसूत्रीतली बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि वही ही पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. आरोग्याचं सूत्र आलं की आपण शिबिराची वाट बघतो. येत्या ग्रामसंघाच्या बैठकीत ते जरा वेगळं करू. बैठक अकराला सुरू होते आणि अडीचपर्यंत चालते. मधे सगळ्या चुळबुळ करतात आणि घरी जाऊन तीनला जेवतात. या वेळी विषयपत्रिकेवर चौथा विषय म्हणून 'दुपारी १ वाजता जेवण' असं लिहिलं आहे. अध्यक्षा ताईंची संमती घेतली आहे. इतिवृत्तातही तसंच येईल, कुणाच्या डब्यात काय होतं त्यासकट. येताना आपापला डबा आणि सात दिवसांचं पान आणा. डबा विसरलात तर घरी पळायचं नाही, बसायचं, बाकीच्या देतील.

स्टॉलवाल्या सहा जणींना पुण्यातून पुन्हा बोलावणं आलं आहे. नवं अंदाजपत्रक या वेळी त्यांनीच केलंय, मी फक्त बेरीज तपासली. पहिलीच ओळ आहे 'आमचं जेवण, ६ ताटं, दुपारी १२ वाजता, रांग लागायच्या आधी'. पीठ दुसऱ्या ओळीवर गेलंय. बैठकीला मी माझा डबा आणतेच आहे. भाजी माझी चांगली होते. भाकरी मात्र कुणीतरी एक जास्तीची घाला.